जनाना दवाखान्यातली नाळेची धास्ती

आम्ही तिघी जमलो की घरातली माणसं हळूच उठून जातात. माझा जावई तर ताट घेऊनच उठतो! त्याचा दोष नाही. सगळी उमर दवाखान्यात घालवलेल्या बायकांना जेवताना काय बोलावं याचं भान राहत नाही. एकीनं एक किस्सा सांगितला की दुसरीला दोन आठवतात, आणि सुरुवात कुठूनही करा, गाडी शेवटी नाळेपाशी येऊन थांबते.

निजामाच्या राज्यातला आमचा औरंगाबादचा जनाना दवाखाना. पुरुषांना फाटकाच्या आत मनाई. वर डॉक्टरसाहिबा, हैदराबादच्या, उर्दू बोलणाऱ्या, आवाज कडक. मार्था सिस्टर जालन्याची, हात मऊ आणि जीभ तिखट. रहमतबी आया. आणि मी, सुशीला, सगळ्यांत नवी नर्स. मार्था, रहमतबी आणि मी, त्याच आम्ही तिघी. लोकांना वाटतं, रोज बाळंतपणं करणाऱ्या बायका भीत नसतील. अहो, लई भितात!

*

नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. डॉक्टरसाहिबांनी माझ्या हातात लाकडी नळी दिली. एक टोक पोटावर ठेवायचं, दुसऱ्याला कान लावायचा आणि बाळाचे ठोके ऐकायचे. खाटेवर पैठणकडची यमुना होती. दिवस भरत आलेले. "कालपासून पोट गप हाय," एवढंच ती सांगत होती.

मी कान लावला आणि आनंदानं ओरडले, "येतायत! टप टप टप टप, एकदम सुरेख!"

यमुनेनं डोळे मिटून हात जोडले.

डॉक्टरसाहिबांनी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं. "वो बच्चा नहीं, घोडा है. बाहर टांगा जा रहा है. खिडकी बंद करो!"

वॉर्डात खसखस पिकली. मीही हसले. रहमतबीनं खिडकी लावली आणि डॉक्टरसाहिबा स्वतः वाकल्या. नळी बेंबीखाली ठेवली, मग कुशीला, मग पुन्हा वर. खाटेखाटेवरचं हसणं विझत गेलं.

यमुनेला कुणी काही सांगितलं नाही. तिनं डॉक्टरसाहिबांच्या तोंडाकडं नुसतं पाहिलं. मग मला म्हणाली, "बाई, खिडकी उघडा की. मघाशी बरं वाटत व्हतं."

*

हिमरूचं कापड विणणाऱ्यांच्या घरातली जुबेदा दुसऱ्या खेपेला आली तेव्हा केस मोकळे सोडलेले, पार कमरेपर्यंत. तिचं पहिलं बाळ गेलं होतं. नाळेचा वेढा गळ्याला होता म्हणे. सासूनं ठरवून टाकलं की सून पोटुशी असताना मागावर बसली, दोरा गुंडाळला, म्हणून नाळ गुंडाळली! या खेपेला मागाच्या खोलीला बंदी, सुईला बंदी, आणि पिळा पडतो म्हणून वेणीलाही बंदी.

डोकं बाहेर आलं आणि मी पाहिलं, गळ्याला नाळ. तोंडावर काही दाखवायचं नाही हे आम्हाला शिकवलेलं, पण जुबेदा माझंच तोंड बघत होती.

"फिर वोईच है ना?" तिनं विचारलं.

मार्थानं बोट घातलं, नाळ सैल केली आणि गळ्यातला हार काढावा तशी डोक्यावरून काढून टाकली. पोरगी बाहेर आली ती बोंबलतच!

सासू आत आली. वेढ्याचं ऐकून चक्रावली. "मैं तो इसकू एक धागा नै छूने दी!"

"कित्ते बच्चे ऐसेच आते, अम्मा," डॉक्टरसाहिबा म्हणाल्या. "बहुतों को कुछ नहीं होता. कभी किसी को होता है. धागे का उसमें क्या काम?"

आम्हाला वाटलं, आता सुनेची माफी मागणार. ती खाटेवर जुबेदाच्या मागं जाऊन बसली, पिशवीतून कंगवा काढला आणि वेणी घालायला लागली. एवढी घट्ट की जुबेदा ओरडली!

*

मार्थाच्या हाताचा किस्सा तर ती स्वतः सांगतच नाही, मलाच सांगावा लागतो.

गंगापूरची सरूबाई दुपारची कळा देत होती. पाणमोट फुटली आणि बाळाच्या आधी नाळच खाली आली. याच्याइतकं वाईट काही नाही. मागून डोकं येतं, नाळ दाबली जाते आणि बाळाचा श्वासच तुटतो. मार्थानं तिथल्या तिथं हात आत घातला आणि डोकं वर उचलून धरलं. आता पोट फाडून बाळ काढेपर्यंत तो हात हलवायचा नव्हता.

सरूबाईला गाडीवर घेतलं. मार्था तिच्यासोबत वाकून, अर्धी चादरीखाली. मी गाडी ढकलत होते. बाळाची नाळ मार्थाच्या बोटांना लागून उडत होती आणि मार्था मोठ्यानं सांगत होती, "आहे… आहे… आहे…"

व्हरांडा संपता संपेना. सरूबाईनं माझं मनगट असं धरलं होतं की काळंनिळं झालं. "म्हणू द्या तिला, थांबू देऊ नका," ती म्हणत होती.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात मार्था बोलायची थांबली. एक क्षण गेला. दुसरा गेला. डॉक्टरसाहिबा ओरडल्या, "मार्था! बोल!"

"आहे हो! शिंक आली होती!"

क्लोरोफॉर्म दिला. डॉक्टरसाहिबांनी वरून पोट उघडलं, हात घातला आणि एकदम म्हणाल्या, "ये हाथ तेरा है? निकाल ले बाई, नहीं तो इसको भी टांके लग जाएँगे!"

मुलगा झाला. मार्थाचा हात संध्याकाळपर्यंत बधिर. तिला आम्ही चहा भरवला.

*

बिडकीनहून एक म्हातारा सुनेला बैलगाडीतून घेऊन आला. गावच्या सुईणीनं सांगितलं होतं की बाळ संपलं, आता बाईला तरी वाचवा. म्हातारा फाटकाशी बसून राहिला. आत काय चाललंय ते विचारायलासुद्धा उठला नाही.

डॉक्टरसाहिबांनी नळी लावली. लावूनच बसल्या. मग एक बोट वर केलं, गप्प राहा म्हणून. "है," त्या पुटपुटल्या. "बहुत धीमा. लेकिन है."

पोरगं निळं-काळं जन्मलं. गळ्याला नाळेचे वेढे आवळलेले. मार्थानं नाळ कापली, पोराच्या तोंडातली घाण काढली आणि तोंडाला तोंड लावून फुंकर घालत राहिली. पाठ चोळली. काही नाही. मी भिंतीकडं तोंड केलं, मला बघवेना. आणि मग मांजर दारात चेंगरावं तसा एक आवाज आला.

मी फाटकाकडं पळाले. "बाबा, नातू झाला! जिता हाय!"

म्हातारा उठला, पुन्हा बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. जरा वेळानं घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "बाई, म्या तर घरून निघतानाच खड्डा खणायला सांगितला व्हता. खणलाबी आसंल. मोकळा ठिवू नये म्हणत्यात. आता त्याचं काय करू?"

मी आत जाऊन डॉक्टरसाहिबांना विचारलं. त्या हात धूत होत्या. "उसमें आम लगाओ!" म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं हा निरोप नीट ऐकून घेतला. विचार केला. "आंब्याला पाणी कोण घालंल, बाई? चिंच लावतो."

*

पुढं मलाच दिवस गेले. तेव्हा कळलं की आपल्याला जे जे माहीत आहे ते सगळं आपल्याच पोटात शिरून बसतं. वेढा, गाठ, खाली सरकलेली नाळ, सगळं मला रोज दिसायचं. बाळ जरा शांत झालं की मी पोट हलवून बघायची. नळी होती, पण स्वतःच्या पोटाला स्वतःचा कान कसा लावणार? डॉक्टरसाहिबांना सारखं सांगायला लाज वाटायची. मार्था चिडवणार हे नक्की.

मग मी रहमतबीला गाठलं. रोज जेवणाच्या सुट्टीत कपड्यांच्या खोलीत मी आडवी व्हायची, ती नळी लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "हौ. चल रहा है. घोडे के माफिक!"

तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. पोरगी झाली, धडधाकट. बारशाला मी रहमतबीला लुगडं नेसवलं आणि म्हटलं, "खरं सांग, ठोके एवढे स्पष्ट ऐकू यायचे तुला?"

रहमतबीनं पोरीचा पापा घेतला. "नक्को पूछ, बेटा. उस कान से तो मैं बचपन से बहरी."

*

कौसा वेरूळकडची. नवरा लेण्यांवर पहारेकरी. आधीची दोन दिवस भरायच्या आतच गेली होती, म्हणून शेवटचा महिना तिला आम्ही दवाखान्यातच ठेवून घेतलं. ती पोटावर जेवणाची ताटली ठेवायची आणि बाळ लाथ मारून ताटली हलवायचं. सगळा वॉर्ड ते बघायला जमायचा!

एका सकाळी ताटली हलली नाही.

मुलगा होता. पुऱ्या दिवसांचा, डोक्यावर दाट जावळ. नाळेच्या मध्यावर एक गाठ होती, आवळलेली. अशा वेळी आईला आम्ही काही दाखवत नसू. पण कौसा म्हणाली, "माझं काय चुकलं ते मला बघू द्या."

डॉक्टरसाहिबांनी बाळ तिच्याजवळ ठेवलं आणि नाळही दाखवली.

"ही गाठ कुणी मारली?"

"किसी ने नहीं, बेटी. तेरा कुछ नहीं चुका." डॉक्टरसाहिबा तिच्यासाठी मराठीत बोलायला लागल्या, मोडकं मोडकं. "छोटा होता, तेव्हा फिरला. नाळेच्या वेढ्यातून असा निघून गेला. मग मोठा झाला, गाठ ओढली गेली."

"म्हंजे खेळत व्हता?"

"हौ. खेळत होता."

नवरा फाटकाशी पांढरं कापड घेऊन उभा होता. रहमतबी बाळ उचलायला पुढं झाली.

"थांबा," कौसा म्हणाली.

ती उठून बसली. नाळ मांडीवर घेतली आणि नखानं गाठ उकलायला लागली. नाळ निसटायची, ती पुन्हा धरायची. मार्था मदतीला वाकली तर म्हणाली, "नको. माझी मी सोडते." आम्ही चौघी उभ्याच होतो. डॉक्टरसाहिबासुद्धा.

गाठ सुटली. कौसानं नाळ बोटांनी सरळ केली, पदरानं पुसली आणि बाळाच्या शेजारी ठेवली.

"आता न्या," ती म्हणाली.