आदल्या दिवशी जाणारी आक्का

आमच्या वडगावच्या घरात माणसांपेक्षा मागांना जागा जास्त होती. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत आम्ही पाचजण. माग आमचे, पण त्यावर चढणारा बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ, शहापूरच्या मालकांकडून यायचा. बीम आला की घर थरथरायचं, फळीवरची भांडी नाचायची. नाही आला की अण्णा उंबऱ्यावर बसून राहायचे आणि आई आमटीत पाणी वाढवायची. मी शाळेला जायच्या आधी कांड्या, म्हणजे बाण्याच्या सुताच्या नळ्या, भरायची आणि शाळेतून आल्यावर पुन्हा कांड्याच. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. कीव यावी म्हणून हे सांगत नाही. हे माहीत असल्याशिवाय आक्कानं काय केलं ते कळायचं नाही.

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. सारी गल्ली तिला आक्काच म्हणायची. नवऱ्याघरून ती तरुणपणीच परत आली होती आणि घरातला दुसरा माग तिचा होता. तिची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. कुणाकडं कार्य असलं की ती आदल्या दिवशी जाऊन यायची.

आमच्याकडं आवतान द्यायला बायका घरी येतात, कुंकू लावतात, हातावर अक्षता ठेवतात. बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, हळदीकुंकू, कशाचंही. ओळख नुसती नळावरची असली तरी बोलावणं येतं, आणि गेलं नाही तर वर्षभर रुसवा. आई प्रत्येकीला "येते की" म्हणायची, मग दिवस मोडला म्हणून रडकुंडीला यायची. आक्का मात्र हसून कुंकू लावून घ्यायची. "किती आठवणीनं आलासा बाई! बसा की." आणि कार्याच्या आदल्या दिवशी दुपारी चारला नारळ घेऊन एकटीच निघायची. तिथं फक्त बसायची नाही. विड्याची पानं पुसून द्यायची, लसणीचा ढीग सोलून द्यायची. उठताना म्हणायची, "उद्या माग सोडवत न्हाय, म्हणून आज आले. माझं येणं झालं बघा." काम करून गेलेल्या बाईला कोण नावं ठेवणार?

"न्हाय म्हणू नये, आणि जाऊ बी नये," ती मला शिकवायची. "दारात आलेल्या माणसाचा मान ठेवायचा. पण आपला दिवस त्याला द्यायचा न्हाय."

खोटं बोलणं तिला चालत नसे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना गल्लीतल्या एका काकूंच्या हळदीकुंकवाला जायचं टाळायला मी त्यांना, मला ताप आलाय म्हणून सांगितलं. संध्याकाळी त्या पेजेचा डबा घेऊन दारात! मी जर्नल पसरून आकृत्या काढत बसलेले. काकूंनी माझ्या कपाळाला हात लावला, हात काढला, आणि दोन तास बसल्या. त्या गेल्यावर आक्का पोट धरून हसली. "पी आता पेज! आजारी पडायचं तर नीट पडायचं गं. कॉलेजात एवढं बी शिकवत न्हाईत व्हय?"

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना शहापूरच्या मालकीणबाई स्वतः आमच्या घरी आल्या. याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. चहा अर्धाच पिऊन म्हणाल्या, "रविवारी सगळी चहाला या. पोरीला आणा." त्यांचा भाचा निपाणीहून आलाय, तंबाखूचा धंदा आहे, हे गल्लीला आधीच कळलं होतं. वीस वर्षांच्या पोरीला चहाला बोलावलं की ते बघणंच असतं, आणि अशा घराला नकार द्यायची आमची ऐपत नव्हती. सोमवारपासून माझी परीक्षा. अण्णा नुसतं म्हणाले, "बीम त्यांच्या हातात हाय."

शनिवारी चारला आक्का नेहमीसारखी नारळ घेऊन शहापूरला गेली. परत आली ती ताठ चालत. तिथं काय झालं ते तिनं अण्णांसमोर उभी राहून सांगितलं.

मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "आक्का, तुझी ही रीत मला ठाऊक हाय. तुझं येणं झालं. चहा पोरीसाठी हाय, तिला उद्या धाड."

"मग सरळच सांगते, वहिनी," आक्का म्हणाली होती. "राग मानू नका. पोरगी उद्या येणार न्हाय. परीक्षा झाल्यावर बी येणार न्हाय. पोरगं चांगलंच असंल. आमची पोरगी अजून शिकाय लागलीया."

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. मी घाबरले. म्हटलं, "आक्का, जाऊन येते मी. एक चहा तर हाय."

ती माझ्याकडं वळली. "मी बी आठवीत असताना एक चहाच प्यायला गेलते. परकरात गेलते. येताना ओटीत नारळ होता आणि दप्तर शाळेतच ऱ्हायलं. कुणी इचारलं न्हाय मला, आणि मी बी न्हाय म्हटलं न्हाय. जा, पुस्तक काढ."

पुढचा बीम आला नाही. दोन्ही माग थांबले आणि घर इतकं शांत झालं की पानं उलटल्याचा आवाज ऐकू यायचा. अण्णा बहिणीशी पंधरा दिवस बोलले नाहीत. बोलले तेव्हा ओरडलेच, "एवढ्या वर्षांचा संबंध तोडलास!"

"माग काय, दुसऱ्याचा बीम जोडला की चालतोय रं," ती म्हणाली. "पोरगी एकदा तिथं जाऊन बसली की परत उठवता येत न्हाय."

जवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात तिनं पॅकिंगचं काम धरलं. पन्नाशी उलटलेली बाई दिवसभर उभी राहायची, घरी आली की पाय सुजलेले असायचे. मी तेल लावायला बसले की पाय ओढून घ्यायची. "पेपर कसा गेला ते सांग आधी." चार महिन्यांनी वडगावातल्याच दुसऱ्या मालकांनी बीम दिला आणि ती पुन्हा मागावर बसली. झाल्या गोष्टीचा उच्चार तिनं पुन्हा कधी केला नाही.

आक्का जाऊन आता तीन वर्षं झाली. विसाव्या वर्षी माझं लग्न झालं नाही. मी बी.एस्सी. झाले, पुढं बी.एड. केलं, आणि आज उचगावकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.