डब्यातली पानं

लातूरच्या एका कॉलेजात वाळवलेल्या झाडांची खोली आहे. तिथे मल्लिनाथअप्पांनी एकतीस वर्षं झाडं कागदावर बसवली. पदाने ते शिपाईच, पण त्यांनी टाके घातलेलं पान वीस वर्षांनीही जागचं हललेलं नाही. नवा प्राध्यापक खोलीत चपला घालून आला की अप्पा बोलत काहीच नसत, नुसते त्याच्या पायांकडे बघत राहत. बहुतेक जण तेवढ्यावर शहाणे होत.

त्यांची एकुलती लेक अक्षरा याच खोलीत, डांबरगोळ्यांच्या वासात वाढली. पुढे वनस्पतिशास्त्र शिकून ती नांदेडला डॉ. नागसेन यांच्या हाताखाली संशोधनाला लागली. किनवटच्या जंगलात एका ओढ्याकाठच्या कपारीत तिला वीतभर उंचीचं एक झाड सापडलं. दिसायला ते एका जुन्या, ओळखीच्या प्रजातीतलं वाटे, पण त्याचं फळ उकलायचं भलत्याच तऱ्हेने.

"अप्पा, हे झाड या घरातलं न्हाईच," ती फोनवर म्हणाली. "ह्याचं घर येगळं हाय."

नवी प्रजाती म्हणजे नुसतं नवं झाड नव्हे, झाडांचं नवं घराणंच. ते सिद्ध करायला डोळे पुरत नाहीत, डीएनएची साक्ष लागते, हे तिने समजावून सांगितलं होतं. ती साक्ष कशातून काढतात, हे मात्र अप्पांनी विचारलं नाही. लेकीपुढे अडाणी कशाला दिसायचं?

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात ती किनवटहून थेट घरी आली, ती अंगात ताप घेऊनच. डेंग्यू निघाला. अतिदक्षता विभागात दिवसातून दहाच मिनिटं भेटू देत. गौरम्मा, तिची आई, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बाहेरच्या बाकावर बसून राहायची. अप्पांना बसवेना. हातांना काही काम हवं होतं. ते घरी आले आणि लेकीची पिशवी उघडली. वर्तमानपत्रात दाबलेलं झाड होतं, पण त्यावर पानं जेमतेम दोन. बाकीची पानं एका घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात सापडतात तसल्या दाण्यांत पुरलेली, पार आक्रसून वाळलेली. पोरीनं घाईत कशीतरी कोंबली असतील, असं त्यांना वाटलं.

अप्पांनी सगळं कॉलेजात नेलं. पानं कोमट पाण्यात भिजवून सरळ केली. कीड लागू नये म्हणून झाडासकट विषारी औषधात बुडवली. हवा पावसाळी, म्हणून टीपकागदात ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली. मग जाड कागदाच्या शीटवर झाडाशेजारी एकेक पान मांडून बारीक दोऱ्याने टाके घातले. इतकी देखणी शीट त्यांनी आयुष्यात बसवली नव्हती.

दुसऱ्या दिवशीच्या दहा मिनिटांत त्यांनी लेकीला ते सांगितलं. "तुझं झाड बसवलं, बाई."

तिने तोंडावरचा मास्क जरासा सरकवला. "डब्यातली पानं?"

"तीबी घेतली. औषधात बुडवून, इस्त्री करून. एकबी सोडलं न्हाई."

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लई छान केलं, अप्पा." आणि तिने मान वळवली. दमली असेल, असं अप्पांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे कपाळाला भस्म लावून, तळहातावर लिंग ठेवून, तिला बसवूनच मातीत ठेवलं. अप्पांनी अंगावर बेलाची पानं टाकली.

महिन्याभराने डॉ. नागसेन घरी आले. शोधणाऱ्याने झाडाला स्वतःचंच नाव द्यायचा प्रघात नाही, ते म्हणाले, पण आता आपण तिचं देऊ शकतो. अख्ख्या प्रजातीला अक्षराचं नाव. डीएनएसाठी तिने दाण्यांत जपलेली पानं तेवढी हवीत. गौरम्माने महिन्यात पहिल्यांदा मान वर केली. अप्पा लगबगीने कॉलेजात जाऊन शीट घेऊन आले.

सरांनी ती हातात घेतली आणि पानांना काय काय केलं ते विचारलं. अप्पांनी अभिमानाने सगळं सांगितलं. पाणी, औषध आणि इस्त्री यांतून ती साक्ष सहसा वाचत नाही, हे सरांनी फार हळू आवाजात सांगितलं. तरी एक तुकडा नेला. दोनदा तपासला, हाती काही लागलं नाही. किनवटची ती कपार तोवर रस्ता रुंद करताना मुरमाखाली गेली होती. दोन पावसाळे हिंडूनही ते झाड पुन्हा कुणाला दिसलं नाही, आणि साक्षीवाचून नवी प्रजाती कुणी मान्य करेना.

सरांनी दोष दिला नाही. डब्याचं अक्षराने तुम्हाला सांगायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले. तेव्हा अप्पांना ती दहा मिनिटं आठवली, ते बराच वेळ बघणं आठवलं. पोरीला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. चार वर्षांचं काम बापाने इस्त्रीखाली घातलं, हे तिला कळलं होतं, आणि तरी ती छान केलं म्हणाली होती.

गेल्या महिन्यात अप्पा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी एकच शीट लावायची राहिली होती. कपाटात झाडं प्रजातीप्रमाणे ठेवतात. ज्याला प्रजाती नाही, त्याला खण नाही. अप्पांनी ती जुन्या प्रजातीच्या खणात ठेवली, ज्या घरातलं हे झाड नाहीच असं अक्षरा म्हणाली होती, त्याच घरात. वर ताज्या डांबरगोळ्या टाकल्या.

"येकदा रागवायचं तरी व्हतंस, बाई," ते म्हणाले, आणि कपाटाला कुलूप लावलं.