वास नसलेला रंग

डॉक्टरांनी अप्पांना रंगकाम सोडायला सांगितलं, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अप्पा म्हणाले, "वासाचं काम सोडा म्हणतायत."

"सगळंच काम म्हणाले, अप्पा."

"सगळं सोडून काय करू? तुझ्या कॉलेजात येऊन बसू?" ते हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

रंगारी लोक वासाला भितात, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ऑइल पेंटचा वास, थिनरचा वास; तो छातीत बसतो, डोकं फिरवतो. धुळीचं त्यांना काही वाटत नाही. धुळीवर गूळ आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक रंगारी काम संपलं की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. धूळ गुळाला चिकटून पोटात उतरते आणि पोटातून बाहेर जाते, असा सगळ्यांचा हिशेब. निपाणीकडून बेंगळुरूला आल्यापासून अप्पांनी हा नेम कधी चुकवला नव्हता. पाणी प्यायला विसरतील, गूळ विसरणार नाहीत.

म्हणून मेस्त्रींनी शहराबाहेर देवनहळ्ळीच्या बाजूचं काम आणलं, तेव्हा अप्पांना सुटल्यासारखं झालं. मेस्त्री म्हणजे त्यांना कामं देणारे ठेकेदार. नव्या लेआउटमधलं, म्हणजे नव्या वसाहतीतलं, घर एका जोडप्याने विकत घेतलं होतं. बाईंचे दिवस भरत आले होते. बाळाच्या खोलीत विषारी काही नको, म्हणून त्यांनी चुन्याचा, रसायनं नसलेला रंग मागवला होता. डब्यावर हिरवं पान होतं. अप्पांनी झाकण उघडून डबा माझ्यापुढे धरला.

"हुंग."

"काहीच येत नाही."

"तेच म्हणतोय की! आता असलीच कामं घ्यायची."

त्यांचा जोडीदार गावी गेला होता आणि मला सुट्टी होती. मी मदतीला येते म्हटल्यावर आई चिडली, पण अप्पांनी एकट्याने जावं हेही तिला नको होतं. शेवटी तिनेच माझ्या डोक्याला ओढणी गुंडाळून दिली.

मला वाटलं होतं, आपण रंग लावणार. रंग लांबच राहिला. चुन्याचा रंग प्लास्टरमध्ये शिरून धरतो. खाली जुना प्लास्टिक पेंट किंवा पुट्टी असली की त्याला धरायला जागा नसते, मग तो पापडासारखा सुटतो. एरवी जुन्या रंगावर काचपेपर मारून भागलं असतं. इथे मात्र प्लास्टर उघडं पडेपर्यंत सगळं खरवडायचं होतं. बाळासाठी जितका चांगला रंग, तितकी जास्त खरवड. हे मला त्या खोलीत उभं राहिल्यावर कळलं.

शेजारच्यांनी धुळीची तक्रार केल्यामुळे खिडक्या बंद होत्या. पत्र्याने खरवडलं की पुट्टीचे पापुद्रे पडायचे. काचपेपर लावला की पीठ उडायचं. पीठ हाच शब्द बरोबर आहे. थोड्या वेळाने अप्पांच्या भुवया दिसेनाशा झाल्या. मी मास्क नेले होते. अप्पांनी एकदा लावला आणि लगेच हनुवटीवर ओढला.

"यात श्वासच पुरत नाही गं."

ते खरं होतं. ज्याचा श्वास आधीच कमी पडतो, त्याला मास्क घालून काम होत नाही.

"अप्पा, पाणी मारून खरवडलं तर?"

"बघू की."

एक भिंत आम्ही भिजवून खरवडली. वेळ लागला, पण खोलीत पलीकडची भिंत दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री आले आणि त्या भिंतीवर हात ठेवून कन्नडमध्ये ओरडले, "भिंत कुणी भिजवली? ही कधी सुकणार? बाळाला काय ओलीत झोपवणार?"

"लेकीनं सांगितलं म्हणून जरा..." अप्पा म्हणाले.

"लेक कॉलेजात शिकते ना? मग तिला कॉलेजातच राहू दे. इथं सुकंच घासायचं."

"सरी," अप्पा म्हणाले, म्हणजे बरं.

दुपारी घरमालकीण बाई आल्या. दारात थांबून त्यांनी पदर नाकाला लावला. "अण्णा, ही धूळ बाळाला बाधणार नाही ना?"

"नाही अम्मा. लख्ख पुसून देतो."

मी कशीबशी म्हणाले, "मॅडम, अप्पांना दम लागतो. थोडे दिवस जास्त मिळाले, तर ओलं करून..."

बाईंनी अप्पांकडे बघितलं. वाईट नव्हत्या त्या. त्यांचा चेहरा खरंच उतरला. पण त्यांचा एक हात पोटावर होता. "मेस्त्रींशी बोलते," म्हणाल्या. बोलल्याही असतील. दुसऱ्या दिवशी मास्कचा एक मोठा खोका आला.

त्याच दिवशी अप्पा घोड्यावर, म्हणजे आमच्या उंच लाकडी स्टुलावर, छताजवळचा कोपरा घासत होते. काचपेपरचा आवाज थांबला. मी वर बघितलं. त्यांनी दोन्ही तळवे भिंतीला टेकवले होते आणि ते तोंड उघडून हवा घ्यायला बघत होते. आवाज फक्त घशातून येत होता. मी त्यांचे पाय धरले. खाली उतरवलं तेव्हा ओठ निळसर दिसले, बाकी सगळा चेहरा पांढरा. अंग सैल सोडून ते माझ्यावर रेलले आणि त्यांचं वजन इतकं कमी झालंय हे मला तेव्हा जाणवलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. छातीचे फोटो काढले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि फुप्फुसावरचे पांढुरके ठिपके दाखवले. अप्पांनी नळी बाजूला सरकवली.

"पण डॉक्टर, या रंगाला वास नव्हता."

डॉक्टरांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की रंग अजून लावलाच नव्हता, नुसत्या भिंती घासत होतो. वासाने आजार होतो असं त्यांना वाटतं आणि धुळीसाठी ते गूळ खातात. अप्पांसमोर त्यांचं चुकलं असं परक्या माणसाला सांगणं मला जमत नव्हतं.

डॉक्टर ओरडले नाहीत. खुर्ची ओढून अप्पांजवळ बसले. "हा आजार वासाने नाही झाला. धुळीने झाला, इतक्या वर्षांच्या. गूळ पोटात जातो, धूळ इथे जाते." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते सांभाळा."

अप्पा मला म्हणाले, "घरात कुणालाच कसं ठाऊक नव्हतं?"

आता ते घरी असतात. जिना चढताना मधल्या वळणावर थांबतात आणि कुणी बघितलं तर फोन बघतोय असं दाखवतात. आईने तिच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जादा पाळी घेतली आहे. मेस्त्रींचे फोन येत राहिले. अप्पा फोन हातात घ्यायचे, वाजू द्यायचे, खाली ठेवायचे. नाही म्हणायचे नाहीत. आजार थोडा उतरला की जाऊ, असं त्यांच्या मनात असणार.

परवा फोन वाजला तेव्हा तो माझ्याजवळ होता. अप्पा समोर भात खात होते. मी उचलला.

"अण्णाला दे," मेस्त्री म्हणाले. "सोपं काम आहे. दोन खोल्या घासायच्या."

मी अप्पांकडे बघितलं. घास हातातच होता. त्यांनी मान हलवली नाही, हातही पुढे केला नाही.

"ते आता येणार नाहीत," मी म्हणाले. "कधीच नाही."

तिकडून फोन बंद झाला. अप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि मान खाली घालून बसून राहिले.