मागची गादी

नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं कसं, एवढा एकच प्रश्न त्या दिवसांत माझ्या डोक्यात होता. अन्ननलिकेच्या आजाराने ह्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, म्हणून दिवसाआड सलाईन लावायला अंबरनाथच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. शेअर रिक्षात हे खोकायला लागले की शेजारचे अंग चोरून बसायचे. एकदा तर रिक्षातच उलटी झाली. तेव्हापासून आम्ही नाक्यावर दिसलो की ओळखीचे रिक्षावालेसुद्धा दुसरीकडे बघत पुढे निघून जायचे. मनातल्या मनात मी त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. स्पेशल रिक्षा दर खेपेला परवडणारी नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं की एकही खेप चुकवू नका, आणि आमच्या चुकायला लागल्या होत्या.

शेवटी माझं लक्ष जिन्याखाली धूळ खात पडलेल्या ह्यांच्या सायकलकडे गेलं. मी स्वतः एमआयडीसीत पॅकिंगला सायकलनेच जाते, पण माझी सायकल किडमिडीत. ह्यांची काळी, दणकट. तिच्यावर ह्यांना मागे बसवून न्यायचं मी ठरवलं आणि ह्यांना न विचारता ती उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पातल्या सायकलच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदार सिंधी होता, चांगला भरलेला, पोट काउंटरला टेकलेलं. मी म्हटलं, मागे बसायला गादी पाहिजे, पाठ टेकायला काहीतरी पाहिजे आणि पाय ठेवायला फुटरेस्ट. त्याने लहान मुलांची गुलाबी सीट काढली.

"बच्चा कितने साल का है, अदी?" सिंधीत ताईला अदी म्हणतात.

"बच्चा नाही हो, आदमी है."

"अच्छा. वजन कितना होगा?"

"तुमच्याएवढं धरा की," मी बोलून गेले. हे तसेच होते. चाळीतली पोरं ह्यांना पैलवान म्हणायची.

तो हसला, पण मग मनापासून कामाला लागला. जाड गादी, लोखंडी पाठ, फुटरेस्ट आणि दूधवाले लावतात तसला दोन पायांचा स्टँड, म्हणजे माणूस चढेपर्यंत सायकल हलणार नाही. मागचं दिसायला आरसाही घ्या म्हणाला. मी म्हटलं, मागे कोण आहे ते मला माहीत आहे, आरसा नको.

"अब मैं बैठता हूँ. आप स्टँड से उतारो," असं म्हणून तो स्वतः गादीवर बसला.

मी दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सगळा जोर लावला. सायकल जागची हलली नाही. पुन्हा लावला, तरी नाही. सगळं ह्या एका गोष्टीवर अडलं होतं, आणि मला भर दुकानात रडू यायला लागलं.

"रहने दो अदी, रिक्षा कर लो."

"रिक्षावाले घेत नाहीत ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली.

मग त्याने शिकवलं. आधी थोडं मागे झुलायचं, मग कंबर आणि पाय लावून पुढे रेटायचं. किती वेळा केलं देव जाणे, पण एकदाचा स्टँड सुटला. खांदे भरून आले होते, तरी घरी येताना मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना सायकल दाखवली.

"तुझ्या मागे बसून जाऊ? सगळी चाळ बघेल," हे पुटपुटले.

"बघू दे. तिकीट लावते."

हे हसले. भिंतीला धरून गादीवर बसले. मी पाय घट्ट रोवले, दात आवळले, मागे झुलले आणि जीव खाऊन रेटा दिला.

स्टँड खटकन उडाला. रिकामी ढकलावी तशी सायकल पुढे सुटली, मी कसाबसा ब्रेक दाबला. मला वाटलं, हे पडलेच. मागे वळून पाहिलं, तर हे बसलेले होते. गादी दोन्ही हातांनी धरून, पाय फुटरेस्टवर नीट ठेवून.

"काय झालं गं?"

"काही नाही. धरून बसा."

दवाखाना येईपर्यंत मी रडतच पॅडल मारत होते. आरसा घेतला नाही तेच बरं झालं, नाहीतर माझं तोंड ह्यांना दिसलं असतं.