चौथी दुर्बीण

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावात कचेरीत होते. मामेभाऊ सुनील एवढंच म्हणाला, "आक्का, आप्पा गेले." ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार रडण्याचा आला नाही. आता ते त्या संध्याकाळचं कधीच विचारणार नाहीत, असा आला. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... महिना होऊन गेला, त्या वाटण्याची लाज अजून उतरलेली नाही.

मामांचा खानापुरात फोटो स्टुडिओ होता. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, हे मी कुणी न विचारताही सांगते. पण मामा माझ्याही आधी सांगत. गिऱ्हाईक हनुवटी वर करून खुर्चीत बसलेलं असलं तरी मला आत बोलवत आणि "ही आमची ग्रॅज्युएट" म्हणून ओळख करून देत. भिंगांचा धंदा म्हणूनच असेल, आकाशाचं वेडही त्यांना लागलं. मी शाळेत असताना एका लग्नासाठी आम्ही जांबोटीला गेलो आणि परतीची बस चुकली. अंधारात चालताना ते मधेच थांबले, मला मान वर करायला लावली. रानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आकाशगंगा पसरली होती. दुर्बीण आणायला हवी होती, असं मी म्हटलं, तर हसले. "हिला उघडा डोळाच लागतो गं. दुर्बिणीत तुकडा मावतोय, आख्खी न्हाय."

त्यांच्या लेखी प्रत्येक साधनाचं काम ठरलेलं होतं. नुसत्या डोळ्यांनी आकाशगंगा बघायची आणि कृत्तिका मोजायच्या. मग गळ्यात अडकवायची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यायची. तिच्यात त्याच कृत्तिका मूठभर सांडल्यासारख्या दिसतात. गुरूचे चंद्र तिच्यातून बघायचे तर कोपर कठड्यावर टेकायचे, नाहीतर हात हलतो आणि आपण गुरूला नावं ठेवतो. चंद्र पौर्णिमेला बघायचाच नाही. समोरून फ्लॅश मारला की माणसाचं नाक सपाट दिसतं, तसा तो दिसतो. अष्टमीला बघायचा, खड्ड्यांच्या सावल्या पडलेल्या असतात. आणि तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण शनीच्या कड्यासाठी. मी पदवीधर झाले त्या आठवड्यात त्यांनी ती गल्लीत मांडली होती. पोरंसोरं, म्हातारीकोतारी रांगेत उभी. मामा सगळ्यांना मागं सारून म्हणाले, आधी आमची ग्रॅज्युएट. मी बघितलं आणि तिथंच रडले. इतकं नीट, इतकं खरं ते कडं.

पुढं साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला. साधनांच्या पायऱ्या चढले होते तसेच उलटे उतरत गेले. मोठी दुर्बीण एका शाळेला दिली. मग गळ्यातली नुसती गळ्यातच राहिली. शेवटी चंद्र कुठल्या बाजूला आहे, तेवढंच कळायचं. तरी संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे. एकदा मी गेले तर म्हणाले, "तिन्ही साधनं संपली. आता चौथी दुर्बीण तू. बघायचं आणि सांगायचं. दिसतंय तेवढंच सांग, पुस्तकातलं नको."

सुरुवातीला मी मनापासून सांगायची. अमुक तारा तांबूस वाटतोय, तमुक दिसेना झालाय. मामा मान हलवत, मधेच दुरुस्त करत. पण बेळगावहून जायचं, परतीची गाडी गाठायची, त्यात कचेरीचे फोन. फोनमध्ये आकाशाचा नकाशा असतो, तो उघडून मी वाचून दाखवू लागले. वर बघायचंही हळूहळू सुटलं.

गेल्या दिवाळीच्या आधीची ती संध्याकाळ. फोनमध्ये मान घालून मी सांगत होते, मामा, आग्नेयेला शनी छान दिसतोय, कृत्तिका आत्ताच वर येताहेत. किती मोजल्यास, म्हणाले. सहा, मी म्हटलं. तेवढ्यात फोनच्या काचेवर थेंब पडला. मी वर बघितलं. आख्खं आभाळ भरून आलेलं, एक चांदणी नाही. मामांच्या हातावरही पडले असणार थेंब. त्यांनी ते पुसले नाहीत. मग अगदी सहज म्हणाले, "शनी भिजला असंल गं. चल खाली."

तेव्हाच बोलायला हवं होतं. आत्तापर्यंत मी साहेबालाही तोंडावर खरं सांगत आले. मामांसमोर तोंड उघडेना. जिन्यावर त्यांनी माझा खांदा धरला, नेहमीसारखाच. त्यानंतर मी दोनदा खानापूरला गेले. मामांनी माझ्या पोरांच्या शाळेचं विचारलं, मामीच्या गुडघ्याचं बोलले. वर चल, असं म्हणाले नाहीत... मीही म्हणाले नाही.

दिवसकार्य झाल्यावर मामीनं त्यांची गळ्यातली दुर्बीण मला दिली. तिची उजवी बाजू त्यांच्या डोळ्याच्या नंबराला जुळवून ठेवलेली आहे, मला त्या बाजूनं सगळं पुसट दिसतं. नुसती डोळ्याजवळची कडी फिरवली तर नीट दिसेल. मी फिरवलेली नाही.

परवा खानापूरला गेले होते. फोन खाली मामीजवळ ठेवला आणि गच्चीवर गेले. खुर्ची तिथंच आहे, मामीनं हलवलेली नाही. मी शेजारी उभी राहिले, दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली, उघड्या डोळ्यांनी चारी दिशा बघितल्या. मग खुर्चीकडं बघून म्हटलं, "मामा, ढग हाईत. काय दिसंना."

जिन्यातून मामीचा आवाज आला, कुणाशी बोलतीस गं. कुणाशी नाही, असं अगदी ओठावर आलं होतं.

"मामांशी," म्हटलं.