"आधी वजन उतरवा, मग बघू"

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा तिच्या नणंदेनं पहिलं वाक्य रडत म्हटलं आणि दुसरं अगदी कोरड्या आवाजात. "काय करणार गो, खाण्यावर ताबाच नव्हता तिचा." माणूस अजून घरातून हललं नव्हतं आणि निकाल लागलासुद्धा! आता महिना होऊन गेला, पण ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. किळस येते.

शालूताई माझी थोरली मावसबहीण. काळाचौकीच्या चाळीत राहायची. भावोजी, म्हणजे तिचे यजमान, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप लागला तेव्हा ती काडीसारखी होती आणि संपात आणखी वाळली. पेज आधी सासूला, मग नवऱ्याला, उरली तर आपल्याला. गिरणी पुन्हा उघडलीच नाही. भावोजी खाटेवर बसले ते बसलेच, आणि हिनं स्टो पेटवून ऑफिसांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. पातेल्यात उरलेला भात, उसळ, सगळं शेवटी हिच्या ताटात. मी रागवायचे तर म्हणायची, "माका टाकूक जमणा नाय गो. संपातले दिवस विसरलंस काय?" अंग वाढत गेलं. ज्या घरानं तिच्या डब्यांवर पोट भरलं, तेच घर तिला 'गोदाम' म्हणू लागलं. भावोजींना तो मोठा विनोद वाटायचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती लग्नातली ठुशी घालायची. एका वर्षी ती गळ्याला बसेना. सगळ्या हसल्या, तीही हसली आणि पटवेकऱ्याकडून ठुशीची दोरी वाढवून आणली. पुढच्या संक्रांतीला पुन्हा तेच. दागिना पुरेना झाला की दोरी वाढवायची, ही आमची अक्कल! गळा एकाच बाजूनं वाढतोय, हे एकीच्याही डोळ्यांना दिसलं नाही. नाक्यावरच्या डॉक्टरकडे ती गेली होती. तो टेबलापलीकडूनच म्हणाला, "आधी वजन उतरवा, मग बघू." मानेला बोटसुद्धा लावलं नाही. पुढे आवाज घोगरा झाला, तर भावोजी म्हणाले, "खा अजून वडे!"

शेवटी मीच तिला परळच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला पाण्याचा घोट गिळायला लावून गळा चाचपला आणि त्यांचा चेहराच बदलला. थायरॉइडचा कॅन्सर निघाला, फुप्फुसांपर्यंत गेलेला. भावोजींचा पहिला प्रश्न, "जाडीमुळेच ना?" बाई म्हणाल्या, "वजन जास्त असलं की धोका थोडा वाढतो, हे खरं. पण हा बारीक माणसांनाही होतो, आणि वेळेवर कळला तर बहुतेक जण बरे होतात. एवढी गाठ कुणी बघितलीच नाही?" भावोजींनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं आणि चाळभर वाटलं.

शालूताईनंही तेच धरून ठेवलं. औषधं चालू असताना अर्ध्या भाकरीवर उठायची. "बारीक झालंय तर बरी होईन मां गो?" मी समजावलं, ओरडले, रडले... ती ताट बाजूला सरकवायची. रोगानं ती झडत गेली तशी चाळ तिचं कौतुक करू लागली. "बरी दिसतंस हां आता!" आणि ती मरणाच्या दारातली बाई चक्क लाजायची.

परवा त्यांच्या खोलीत गेले. भिंतीवर हार घातलेला मोठा फोटो. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, पदर गळ्याभोवती घट्ट ओढलेला. अगदी शेवटच्या दिवसांतला. तिचे किती चांगले फोटो आहेत... पंगतीत वाढतानाचे, खदखदून हसतानाचे. मी भावोजींना विचारलं, "हाच का लावलात?"

त्यांनी फोटोवरची धूळ पुसली आणि समाधानानं म्हणाले, "यात कशी बारीक दिसते बघ."