लोटांगणात बिघडलेलं रक्त

देवाचा तेव्हा मला संताप आला होता. तो लपवून नुसती कृतज्ञता लिहिणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. आमचे हे पुलगावच्या गिरणीत कामाला. विडी नाही, तंबाखू नाही, एकादशी कधी चुकली नाही, आणि कॅन्सरची गाठ निघाली ती यांच्याच फुप्फुसात.

नागपूरचे सर्जन गाठ कापायला तयार होते, पण आधी रक्तातलं एन्झाइम बघायचं होतं. ते फार वाढलेलं निघालं तर रोग अंगभर पसरला असं ते धरणार होते. पुलगावच्या डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत भरून माझ्या धाकट्या दिराच्या, नामदेवभाऊजींच्या हाती दिलं आणि बजावलं, हलू देऊ नका, बिघडेल. भाऊजी ते नागपूरला पोचवून आले.

पुढे भाऊजी आणि मी यांना घेऊन नागपूरला गेलो, तर सर्जन म्हणाले, एन्झाइम फार वाढलंय, घरी न्या. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात मारुतीला नाही नाही ते बोलले. समोर एक म्हातारे बाबा संत्रं सोलत होते. यांच्या हातावर फोडी ठेवून त्यांनी भाऊजींना सहज विचारलं, "देवाले काही नवस बोलले होते का, बाप्पा?"

"बोललो म्हणजे? दादाच्या रक्ताची नळी कमरेले बांधून मारुतीभोवती लोटांगण घातलं मी. दादाचंच लोटांगण झालं ना ते."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "डॉक्टरनं हलवू नका म्हणलं होतं, अन् तुमी गडबडा लोळवलं त्याले?"

हे खोकत म्हणाले, "राहू दे. माह्यासाठीच लोळला ना तो."

बाबा एवढंच म्हणाले, "वापस जाजो माय. रक्त पुन्हा घ्याले लावजो." सिंदी स्टेशन आलं तशी मी दोघांना खाली उतरवलं आणि नागपूरची गाडी धरली.

सर्जन आमच्यावर खेकसले. हलवलेल्या रक्तात एन्झाइम खोटंच वाढतं म्हणे. मग तेव्हाच का विचारलं नाही, हे मीही त्यांना ऐकवलं. नव्यानं काढलेल्या रक्तात ते जेमतेम वाढलेलं होतं. गाठ कापली.

भाऊजी म्हणतात, त्या बाबांना मारुतीनंच पाठवलं. असेल, मी वाद घालत नाही. पण देवळात गेले तेव्हा आधी पोटभर भांडले त्याच्याशी. बोलायचं सगळं संपलं, मग रडू आलं. सांभाळायचं ते मी सांभाळीन, बाकी तुझ्या हाती, एवढं म्हणून डोकं टेकवलं, तर पायरीवर बसलेले हे हाका मारू लागले, "चाल ना आता, भूक लागली मले."